पूर्णविरामानंतर जागा

इमारतीत त्यांना सगळे 'पूर्णविराम' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. तळमजल्यावरच्या नावांच्या फळीवर कुणीतरी त्यांच्या नावाशेजारी खडूने हे टोपणनाव लिहून ठेवलं, तेव्हा त्यातला पहिला 'पू' ऱ्हस्व लिहिला होता. राग आला तो त्याचा. त्यांनी ते पुसलं नाही. वर जाऊन खडू शोधून आणला, 'पु'चा 'पू' केला आणि हात झटकून भाजी आणायला गेले.

सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली की माणसाचं असं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या खिशातून लाल पेन उतरलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरची छापील चूक सापडल्याशिवाय त्यांना औषध लागू पडत नसे. दुकानांच्या पाट्या वाचत चालताना ते दोनदा खांबावर आपटले होते, आणि दोन्ही वेळा चूक पाटीचीच होती असं त्यांचं म्हणणं. वाद वाढला की ते "बास, पूर्णविराम!" म्हणत आणि वाद आपल्या बाजूने मिटला असं समजून उठून जात. नाव पडलं ते त्यावरून.

घरात मात्र हा पूर्णविराम चालत नसे. त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होती. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला कोण हवंय ते ओळखायचं आणि जोडून द्यायचं, यात तिचा जन्म गेलेला. नवऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायची तिला सवयच नव्हती.

तर तो जुना बोर्ड इस्पितळातून कायमचा काढायचं ठरलं आणि त्यानिमित्ताने जुन्या ऑपरेटर बायकांनी एका रविवारी जमायचं ठरवलं. बायकोने मनाशी काय घेतलं कोण जाणे, नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाने मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर ती रोज दुपारी बसायला लागली आणि एका बोटाने टाइप करत तिने बोर्डावरच्या आठवणींचं एक छोटेखानी पुस्तक लिहून काढलं. नाव ठेवलं 'कोण बोलतंय?'. हे पुस्तक रविवारी प्रत्येकीच्या हातात पडायला हवं होतं. एकीला डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं होतं, एक मुलीकडे दूरदेशी निघाली होती. सगळ्या पुन्हा अशा जमतील याची खात्री नव्हती, आणि बायको हे बोलून दाखवत नसली तरी त्याविषयी सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच मध्ये मध्ये थांबत होता.

"छापखाना तुमच्या ओळखीचा आहे, म्हणून फाइल तुम्ही पाठवायची," तिने सांगितलं. "पण एक अट आहे. उघडायची नाही. आणि उघडलीत, तर काना-मात्रेलासुद्धा हात लावायचा नाही."

"चूक असली तरी?"

"असू दे. माझी आहे."

पूर्णविरामांनी मान डोलावली. मांजराला दुधाची राखण सांगावी आणि त्यानेही मान डोलवावी, तशातला प्रकार.

फाइल त्यांनी त्याच दुपारी उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'हॅलो बोर्ड बोलतंय कोण हवंय थांबा जोडते आणि तेवढ्यात दुसरा दिवा लागला आणि तिसरा आणि मी दोन्ही हातांत दोन वायरी धरून' आणि हे वाक्य पान उलटलं तरी संपत नव्हतं. त्यांनी शेवटचं पान पाहिलं. अख्ख्या पुस्तकात एकही पूर्णविराम नव्हता. ज्या माणसाला घराबाहेर पूर्णविराम म्हणून ओळखतात, त्याच्याच घरात त्याची ही अवस्था. ते उठून पाणी प्यायले.

मग त्यांनी एक मधला मार्ग काढला. तिच्या फाइलीला हात लावायचा नाही, हा शब्द दिलेला. पण फाइलीची नक्कल करून त्या नकलेला हात लावायचा नाही असं कुठे ठरलं होतं? तिने वापरलेला लिहिण्याचा प्रोग्राम त्यांना आवडत नसे, कारण तो शुद्ध मराठी शब्दांखाली लाल नागमोडी रेघ ओढत असे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराखाली लाल रेघ ओढलेल्या माणसाला आता यंत्राने लाल रेघ ओढावी, हा अपमान पचण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी सगळा मजकूर दुसऱ्या एका साध्या, निर्बुद्ध प्रोग्राममध्ये नेला, जो कशाखालीच रेघ ओढत नसे. तिथे बसून त्यांनी तो शुद्ध केला. 'हॅलो बोर्ड बोलतंय कोण हवंय' याचं झालं: 'नमस्कार. मी दूरध्वनी-फलकावरून बोलत आहे. आपणांस कोणाशी संभाषण करावयाचे आहे?'

नाव त्यांनी तेच दिलं, 'कोण बोलतंय'. प्रश्नचिन्ह द्यायला गेले तर यंत्राने साफ नकार दिला. फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही म्हणे. प्रश्न विचारायचा आणि प्रश्नचिन्ह द्यायचं नाही! त्या दिवसापासून त्यांचं आणि यंत्राचं बिनसलं ते बिनसलंच.

पूर्णविरामांचा बेत साधा होता. आपली शुद्ध प्रत पाठवायची, ती सुबक छापून येईल, चार बायका वाहवा करतील आणि मग बायको काय रागावेल ते रागावेल. वाहवा झालेल्या पुस्तकावर कुणी फार वेळ रागावू शकत नाही, हा त्यांचा छापखान्यातला अनुभव होता.

छापखाना आता जुन्या मालकांची मुलगी चालवत होती. कामाची होती, पण बोलताना तिच्या मागे यंत्र धडधडत असायचं, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोले.

"काका, तुम्ही पाठवलेलं मिळालं!" तिचा फोन आला. "टेलिफोनचा फोटो आहे!"

तो मुखपृष्ठाचा फोटो होता. बायकोने त्याचंही नाव 'कोण बोलतंय' असंच ठेवलं होतं. पूर्णविरामांनी यादीत पाहिलं. एकाखाली एक तीन फाइली, तिन्ही 'कोण बोलतंय'. नावापुढची चित्रं इतकी बारीक, की मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना तिन्ही पांढऱ्या कागदासारखीच दिसत होती. त्यांनी मधली उचलून पाठवली.

पुन्हा फोन. "काका, आता नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली आहेत! ती साध्या मजकुराची फाइल दिसतेय, आमच्याकडे येईतो मराठी तुटलं. तुमच्याकडे मूळ प्रोग्राममधली, डॉक्स फाइल असेल ना?"

चौकोन आणि प्रश्नचिन्हं! आपल्या शुद्ध प्रतीचं हे झालेलं ऐकून पूर्णविरामांना गहिवरून आलं. ज्या यंत्राने नावात एक प्रश्नचिन्ह घालू दिलं नाही, त्याने आत हवी तितकी घातली होती.

"मग तिसरी पाठवतो," ते म्हणाले.

"थांबा! आता तिसऱ्यांदा अंदाज नको, काका! आधी एक्स्टेन्शन दिसतं करा. नावाच्या शेवटी येतं, तीन-चार अक्षरं, यंत्राने लपवलेली असतात. ते बघा, वाचा, मग पाठवा. उद्या सकाळी यंत्रावर चढवलं नाही तर रविवारी मिळणार नाही!" आणि धडधड वाढून फोन बंद झाला.

अंदाज. त्यांच्या कामाला आजवर कुणी अंदाज म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन जागेवर ठेवला. मग उठले, शर्ट बदलला आणि एक्स्टेन्शन दिसतं कसं करायचं हे विचारायला बाहेर पडले. मुलाला विचारता आलं असतं, पण मुलगा फोनवर "सोपं आहे हो बाबा" एवढंच म्हणतो आणि त्यानंतर जे सांगतो ते सोपं नसतं.

समोरच्या घरात हेडक्लार्क राहत. त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर होता, म्हणजे त्यांना माहीत असणार. दार उघडताच पूर्णविराम म्हणाले, "जरा अडचण आहे. मला एक्स्टेन्शन..."

हेडक्लार्कांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. हेडक्लार्क दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि मुदतवाढीसाठी त्यांनी कचेरीत कुठे कुठे शब्द टाकून ठेवले होते, ही गोष्ट इमारतीत फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होती. पूर्णविराम सोडून.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"छापखान्यातून."

"छापखान्यापर्यंत गेलं?" हेडक्लार्क खुर्चीत बसले. "बरं, तुमचं काय म्हणणं आहे?"

"ते दिसत नाहीये. दिसायला हवं."

"चुकताय!" हेडक्लार्कांनी बोट उगारलं. "इथेच माणूस चुकतो. एक्स्टेन्शन कधी दिसू द्यायचं नाही. दिसलं की दहा जण मागायला येतात आणि मग कुणालाच मिळत नाही. ते गुपचूप असायला हवं. मला एक सांगा, या वयात तुम्हाला कोण देतंय?"

"यंत्रात असतंच म्हणे. लपवलेलं असतं."

"यंत्रणेत असतंच," हेडक्लार्कांनी आदराने मान हलवली. "काय बोललात! अगदी लाखमोलाचं. अर्ज मात्र करू नका हं. आधी वरच्यांना भेटा."

वरच्यांना भेटा म्हणजे वरच्या मजल्यावर, असं समजून पूर्णविराम वर गेले. वर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. ते जिन्यातच भेटले, दिव्याच्या तारा बदलणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभे राहून त्याला घाई करत होते.

"तुम्हालाच भेटायला आलो," पूर्णविराम म्हणाले. "आमच्याकडचं एक्स्टेन्शन आहे ना, ते इतके दिवस लपलेलं होतं. आता ते दिसतं करायचंय."

सेक्रेटरींचा चेहरा एकदम कामाला लागला. इमारतीत दोघातिघांनी गॅलरी वाढवून खोलीत घेतली होती आणि त्यावरून गेल्या सभेत खुर्च्या सरकल्या होत्या. कुणी आपणहून येऊन कबूल करेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन ते चार अक्षरं असतात म्हणे."

"फूट म्हणा, अक्षरं कसली!" सेक्रेटरी दोन-दोन पायऱ्या उतरत तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसातून मोजपट्टी आणायला निघाले. "इतके दिवस दडवलंत आणि आता उघड उघड दाखवायला निघालात? धन्य आहे तुमची!"

इलेक्ट्रिशियन शिडीवरून हे सगळं ऐकत होता. त्याला माणसाची अडचण कळली. "काका, उगाच मोठ्या लोकांना विचारत बसता," तो म्हणाला. "एक्स्टेन्शनचं काम माझं."

त्याने घरात येऊन सोफ्यामागे धूळ खात पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड ओढून काढला. "हे बघा, हे लपलं होतं." बटण बंद करून, दोन भोकं पाडून, त्याने तो कॉम्प्युटरच्या बरोबर वर, भिंतीवर डोळ्यांसमोर ठोकून दिला. "आता आंधळ्यालाही दिसेल." पूर्णविराम काही बोलायच्या आत त्याने पैसेही नाकारले, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. तोवर सेक्रेटरी गॅलरीत वाकून मोजपट्टी धरत होते आणि गॅलरी नकाशाप्रमाणेच निघते आहे हे पाहून जास्तच संशयाने बघत होते.

तासाभरात त्यांनी खालून नोटीस पाठवली: 'आपण आपल्या सदनीकेत केलेले छूपे एक्स्टेन्शन त्वरीत पुर्ववत करावे.' पूर्णविरामांनी ती दोनदा वाचली, लाल पेन काढलं, 'सदनिकेत', 'छुपे', 'त्वरित', 'पूर्ववत' असे चारही शब्द दुरुस्त केले, समासात खुणा केल्या आणि नोटीस परत पाठवली. मजकुराबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. सेक्रेटरींनी त्याचा अर्थ 'नोटीस धुडकावली' असा घेतला आणि पुढच्या सभेच्या विषयांत पहिला विषय पूर्णविरामांचाच घातला.

शेवटी माणसाला आपलं आपणच बघावं लागतं. पूर्णविराम नव्या एक्स्टेन्शन बोर्डाखाली बसले आणि पडद्याच्या वरच्या कडेचा एकेक शब्द मुद्रितं तपासावीत तसा डावीकडून उजवीकडे वाचू लागले. 'व्ह्यू' नावाचा एक शब्द होता. तो दाबल्यावर खाली यादी उघडली आणि त्या यादीत, कुणी न विचारता, साध्या मुकाट चौकोनापुढे लिहिलं होतं, फाइलींच्या नावांची एक्स्टेन्शन्स. त्यांनी चौकोनात खूण केली.

आणि सगळ्या फाइलींना शेपट्या फुटल्या.

पूर्णविरामांना आधी आनंद झाला आणि लगेच धक्का बसला. 'कोण बोलतंय.docx'. 'कोण बोलतंय.txt'. 'कोण बोलतंय.jpg'. 'वीजबिल.pdf'. 'मुलाचा पत्ता.docx'. यादी संपत नव्हती. शब्द संपला, पूर्णविराम आला, आणि त्याला खेटून, मध्ये तिळाएवढी जागा न सोडता, पुढचा मजकूर सुरू! एका ठिकाणी नव्हे, ओळीने सगळीकडे. इतकी वर्षं आपल्या घरात, आपल्या नाकाखाली ही चूक लपवून ठेवलेली होती. लपवणारच. कोणत्या तोंडाने दाखवणार?

छापखान्यात नव्या उमेदवाराला पहिल्याच दिवशी ते एक नियम सांगत: पूर्णविरामाच्या आधी जागा नाही, पूर्णविरामानंतर जागा हवीच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पहिल्या फाइलीच्या नावात शिरले, ठिपक्यानंतर जागा सोडली आणि पुढे सरकायला गेले. यंत्राने पिवळा त्रिकोण दाखवला आणि इंग्रजीत विचारलं की हे बदललंत तर फाइल कदाचित निकामी होईल, नक्की बदलायचं का?

असे लेखक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. एक स्वल्पविराम हलवला तरी माझं सगळं लेखन निकामी होईल म्हणून रडणारे. त्यांनी 'येस' दाबलं. दर फाइलीला त्रिकोण येत होता, दर फाइलीला ते 'येस' दाबत होते, आणि शेवटच्या नावात जागा सोडून झाली तेव्हा फार दिवसांनी आपण काहीतरी काम केलं असं त्यांना वाटलं. यादी कशी मोकळी, सुटसुटीत दिसत होती. श्वास घेत होती.

मग त्यांनी बायकोची फाइल पाठवण्याआधी एकदा उघडून पाहावी म्हणून दाबली. यंत्र म्हणालं, ही फाइल कशाने उघडू?

त्यांनी दुसरी दाबली. कशाने उघडू? वीजबिल दाबलं. कशाने उघडू? नावांपुढची चित्रं गेली होती आणि आता खरोखरच सगळे कोरे पांढरे कागद दिसत होते. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. एका बोटाने, रोज दुपारी, चष्मा कपाळावर चढवून ती जे लिहीत बसली होती ते सगळं गेलं होतं आणि ते त्यांनी स्वतः, एकेकदा 'येस' म्हणून घालवलं होतं. तिच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. पूर्णविराम तिथेच बसून राहिले. त्यांना रडू येण्याइतकी भीती वाटली आणि ती नाकारण्याचंही त्यांना सुचलं नाही.

फोन वाजला. "काका! दिसलं का एक्स्टेन्शन?"

"दिसलं," ते म्हणाले. "पण आता बाकी काहीच दिसत नाहीये. उघडतच नाही काही."

यंत्राची धडधड थांबली. छापखान्यातल्या मुलीने यंत्र बंद केलं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "घाबरू नका काका," ती पहिल्यांदाच हळू बोलली. "पडद्यावर नाव कसं दिसतंय ते मला जसंच्या तसं वाचून दाखवा. बाबांच्या वेळी वाचायचात तसं."

बाबांच्या वेळी म्हणजे हस्तलिखित मोठ्याने वाचण्याची पद्धत. एक जण वाचायचा, दुसरा छापलेलं पडताळायचा, आणि वाचणाऱ्याने ठिपका न ठिपका उच्चारायचा, काही गाळायचं नाही. पूर्णविरामांनी पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि जुन्या, खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"कोण, जागा, बोलतंय, पूर्णविराम, जागा, डी ओ सी एक्स. दुसरी ओळ. कोण, जागा, बोलतंय, पूर्णविराम, जागा, टी एक्स टी..."

"थांबा, थांबा. पूर्णविरामानंतर जागा?"

"अर्थात."

"ती कुठून आली?"

"मी सोडली," पूर्णविराम म्हणाले. "पूर्णविरामानंतर जागा सोडतात. तुझ्या वडिलांना विचार."

पलीकडे ती हसत होती की डोकं धरून बसली होती ते कळायला मार्ग नव्हता. "काका," ती अखेर म्हणाली, "तो पूर्णविराम नाहीये. आणि ती जागा काढा. जशी घातलीत तशी काढा, सगळं परत उघडेल."

"आणि दुसरी ओळ कसली?" मागून आवाज आला.

बायको दारात उभी होती. रविवारसाठी मैत्रिणींकडे जाऊन आली होती, पायांत अजून चपला होत्या. तिचे कान बोर्डावर तयार झालेले. खोलीत एकाच वेळी दोघे काय बोलतात ते तिला वेगवेगळं ऐकू येत असे. "मी फाइल एक केली होती आणि एक फोटो. 'कोण बोलतंय' टी एक्स टी कुणाची?"

पूर्णविरामांनी फोन हातात तसाच धरून सगळं सांगितलं. मधला मार्ग, निर्बुद्ध प्रोग्राम, दूरध्वनी-फलक, सगळं. लपवता आलं नसतं असं नाही, पण वाचणाऱ्याने काही गाळायचं नसतं.

बायको सोफ्यावर बसली. भिंतीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे तिने एकदा पाहिलं, काही विचारलं नाही. "आधी ती जागा काढा," ती म्हणाली. "बोर्डावर आमच्याकडे एकाच आडनावाचे दोन डॉक्टर होते. एक दातांचे, एक बाळंतपणाचे. नवीन मुलीने नुसत्या नावावर जोडून दिलं एकदा. दातवाल्यांनी फोनवरच्या माणसाला विचारलं, किती दिवस त्रास आहे? तो म्हणाला, नववा महिना लागलाय. डॉक्टर म्हणाले, मग काढायला इतके दिवस थांबलात कशाला? नाव पुरत नाही हो. नावापुढचा आकडा, एक्स्टेन्शन, बघूनच जोडायचं असतं. आणि त्या आकड्यांच्या मध्ये कुणी जागा सोडत नाही."

पूर्णविरामांनी एकेक जागा काढली. पिवळा त्रिकोण पुन्हा दर वेळी विचारत होता, आणि या वेळी त्यांनी दर वेळी तो पूर्ण वाचला. तिची फाइल उघडली. पडद्यावर आलं, 'हॅलो बोर्ड बोलतंय कोण हवंय थांबा जोडते आणि तेवढ्यात'. आपल्याला एकही वाक्य न संपणारं लेखन बघून इतका आनंद होईल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते वाक्यच खोडलं असतं.

"वहिनी, कुठली छापू?" फोनमधून छापखान्यातली मुलगी विचारत होती. ती काकांना काका म्हणे आणि काकूंना वहिनी. हा दोष पूर्णविरामांनी पूर्वीच दाखवून दिला होता.

बायकोने 'पाठवतो' एवढं सांगून फोन ठेवला आणि नवऱ्याची शुद्ध प्रत उघडायला लावली. ती शांतपणे वाचत होती. 'आपणांस कोणाशी संभाषण करावयाचे आहे?' इथे ती थांबली. "एवढं बोलेपर्यंत पेशंट गेला असता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे पूर्णविरामांना जास्तच लागलं. "अहो, मला काय पूर्णविराम देता येत नाहीत? बोर्डावर तो नसतोच. एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरा दिवा लागलेला असतो. आम्ही पाच जणी इतकी वर्षं तशाच बोललो. तुम्ही ते तोडलंत तर त्या बायका वाचतील आणि म्हणतील, ही कोण बोलतेय?"

पूर्णविरामांनी आपली शुद्ध प्रत मिटली. मग म्हणाले, "तुझीच जाऊ दे."

"जाऊ दे कसली? पाठवा."

त्यांनी शेपटी बघितली, डी ओ सी एक्स, दोनदा वाचली आणि पाठवायला बोट उचललं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. शेवटच्या पानावर जा." बोर्ड काढून नेला, सगळे दिवे एकदम विझले, तिथे पुस्तक संपत होतं आणि शेवटचा शब्द उघडाच होता. "तिथे एक घाला."

"काय?"

"तुमचा तो. एकच. तिथे खरंच संपलंय."

पूर्णविरामांनी शेवटच्या शब्दापुढे ठिपका दिला. आजवर त्यांनी किती पूर्णविराम दिले असतील याचा हिशेब नाही, पण हा देताना त्यांनी चष्मा पुसून घेतला. मग फाइल गेली.

पुस्तकं शनिवारी दुपारी आली, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत; पाच जणींच्या प्रती, शिवाय इस्पितळात वाटायच्या. पूर्णविरामांनी दोरी सोडली आणि थेट शेवटचं पान काढलं. शब्द होता. पुढे काही नव्हतं. त्यांनी दुसरी प्रत काढली, तिसरी काढली आणि छापखान्यात फोन लावला.

"हो काका!" पलीकडे धडधड चालू झाली होती. "शेवटी एक ठिपका आला होता! अख्ख्या पुस्तकात एकच, म्हटलं चुकून दाबला गेला असेल, काढून टाकला! तुमच्या नजरेतून सुटला होता!"

सुटला होता. त्यांच्या नजरेतून. पूर्णविरामांनी फोन ठेवला आणि ते दाराबाहेर येऊन उभे राहिले. समोरच्या दारात हेडक्लार्क उभे होते. त्यांनी खुणेनेच विचारलं, एक्स्टेन्शन मिळालं का? "दिसलं," पूर्णविराम म्हणाले. हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. "म्हणालो नव्हतो? दिसलं की गेलं!"

मग पूर्णविराम आत आले, खिशातलं लाल पेन टेबलावर ठेवलं आणि ड्रॉवरमधून काळं काढलं. बायको समोर येऊन बसली. ती एकेक प्रत घेऊन शेवटचं पान उघडून धरे, ते ठिपका देत, फुंकर घालत, ती मिटून बाजूला ठेवे. सभेची नोटीस द्यायला आलेले सेक्रेटरी दारातून हे बघून थबकले, हा माणूस लेखक आहे आणि सह्या करतोय असं समजून जरा घाबरले आणि नोटीस न देताच गेले. संध्याकाळ झाली तरी दोघं बसलेलीच होती. एकाही प्रतीत ठिपका ओळीच्या खाली घसरला नाही, वर चढला नाही.

रविवारी पाचही जणी जमल्या आणि नेहमीप्रमाणे सगळ्या एकदमच बोलल्या. जिला दिसेनासं होत चाललं होतं तिने शेवटचं पान डोळ्यांशी अगदी जवळ धरलं, बोटाने चाचपलं आणि विचारलं, "हे काय गं शेवटी? शाई सांडली का काय?"

"ते होय?" बायको म्हणाली. "ते आमचे हे."